अँटिबॉडी नाही म्हणजे आजार झालाच नव्हता का?

(किडनी, डायलिसिस आणि प्रत्यारोपण या विषयांवरच्या वाचकांच्या पत्रांना जळगावच्या किडनीविकारतज्ज्ञ डॉक्टरताईंची उत्तरं. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. किडनी आईनं दिली. पोळ्याच्या सुमारास त्याला ताप आला, खोकला झाला, आरटीपीसीआर केली तर कोविड पॉझिटिव्ह. दवाखान्यात राहून बरा झाला. पुढं महिन्याभरानं लॅबवाल्यानं सुचवलं म्हणून अँटिबॉडी टेस्ट केली, ती निगेटिव्ह. आई सारखी म्हणते, “रिपोर्टमा तं काहीच नही उनं.” मग कोविड झालाच नव्हता, की भावाच्या अंगात काही तयारच होत नाही? त्याला केळीच्या कटाईवर जाऊ द्यावं का? – रावेर तालुका

उत्तर : भाऊ, कोविड झाला होता. दोन्ही रिपोर्ट खरे आहेत, कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी शोधल्या. आरटीपीसीआर विषाणू शोधते. अँटिबॉडीची तपासणी शरीरानं त्या विषाणूला दिलेलं उत्तर शोधते. तुमच्या भावाचं हे उत्तर दबकं आहे आणि ते तसं आम्ही डॉक्टरांनीच ठेवलंय.

किडनी जन्मदात्या आईची असली तरी शरीराच्या लेखी ती परकीच. तिच्यावर हल्ला होऊ नये म्हणून तो बहुधा टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या तीन गोळ्या घेत असेल. शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये टी आणि बी अशा दोन जाती असतात. टॅक्रोलिमस टी पेशींना चेतवणारा रासायनिक निरोप अडवतं. अँटिबॉडी बनवण्याचं काम बी पेशींच्या घराण्याचं, पण टी पेशींची साथ नसेल तर त्या फार पुढं जात नाहीत. मायकोफेनोलेटचा घाव याहून थेट. पेशीचं विभाजन व्हायचं तर नवा डीएनए लागतो आणि त्यासाठी लागणारा एक घटक हे औषध बनूच देत नाही. शरीरातल्या बाकीच्या पेशी तो घटक जुन्या मालातून काढून वापरतात. टी आणि बी पेशींना ते फारसं जमत नाही. म्हणून हे औषध नेमकं त्यांच्यावर चालतं, किडनी वाचते आणि अँटिबॉडी मात्र उशिरा होतात, थोड्या होतात किंवा अजिबातच होत नाहीत.

हे किती प्रमाणात होतं ते कोविडच्या लशीनं दाखवलं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना एमआरएनए लशीचा पहिला डोस दिल्यावर ४३६ जणांचं रक्त तपासलं. अँटिबॉडी सापडल्या फक्त १७ टक्क्यांमध्ये. पुढं दोन्ही डोस झालेले ६५८ जण तपासले, तेव्हा आकडा ५४ टक्क्यांवर गेला. म्हणजे दोन डोस होऊनही जवळपास निम्मे कोरडेच, आणि त्यात मायकोफेनोलेटच्या गटातली औषधं घेणारे जास्त. त्याच वर्षी फ्रान्समधल्या तुलूझच्या डॉक्टरांनी १०१ रुग्णांना तिसरा डोस दिला. तिसऱ्याच्या आधी ४० टक्क्यांमध्ये अँटिबॉडी होत्या, चार आठवड्यांनी ६८ टक्क्यांमध्ये झाल्या. आपल्याकडच्या लशी बहुतेक वेगळ्या होत्या, म्हणून हे आकडे जसेच्या तसे रावेरला लावू नका. कल मात्र तोच.

प्रत्यक्ष संसर्ग झालेल्यांचं चित्र लशीपेक्षा बरं असतं. खरा विषाणू अंगात वाढतो, बरेच दिवस मुक्काम करतो, त्यामुळं प्रत्यारोपणाच्या बहुतेक रुग्णांमध्येही अँटिबॉडी होतात. फक्त वेळ जास्त लागतो, पातळी कमी भरते आणि काहींमध्ये होतच नाहीत. तुमचा भाऊ उशिरावाल्यांत आहे की न होणाऱ्यांत, हे एका रिपोर्टावरून मी सांगणार नाही.

लॅबवाल्यांना तुम्ही एक गोष्ट विचारायला हवी होती : कोणती अँटिबॉडी तपासली? विषाणूच्या काट्यांविरुद्धची, म्हणजे स्पाइकची, की आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडची? कोविशील्डमध्ये फक्त स्पाइकचा निरोप असतो, त्यामुळं कोविशील्ड घेतलेल्याच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिडची अँटिबॉडी सापडली तर ती संसर्गाचीच. कोवॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, तिथं हा हिशोब चुकतो. एवढं बघून रिपोर्ट वाचणारं कुणी नसेल तर तो रिपोर्ट काढून उपयोग काय? पैसे गेले आणि आईची झोप उडाली, एवढंच झालं. शिवाय टी पेशींनी स्वतः काय कमावलं ते या तपासणीत दिसतच नाही.

तेव्हा पुन्हा टेस्ट करू नका. भावाला कामाला जाऊ द्या, केळीच्या बागेत उघड्यावर माणसं विखुरलेली असतात. मला काळजी आहे ती मजूर भरलेल्या बंद गाडीतून येण्या-जाण्याची आणि लग्नाच्या पंगतीची. तिथं मास्क. लशीचा पुढचा डोस कधी घ्यायचा ते त्याच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा, आणि घरच्यांनीही आपल्या लशी पूर्ण ठेवा. अशा रुग्णाच्या अंगात विषाणू आठवडेच्या आठवडे टिकू शकतो, म्हणून ताप आला की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच फोन करायचा, पाचव्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि कोविडची पॅक्सलोव्हिड ही गोळी कुणी परस्पर देऊ केली तर घेऊ नका. तिच्यातल्या रिटोनाविरमुळं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भयंकर चढते. मग विषाणूपेक्षा आपणच किडनीला जास्त मारतो.

काही रुग्ण हुशारी करतात : लस घ्यायच्या आधी मायकोफेनोलेट आठवडाभर बंद, का तर अँटिबॉडी बनाव्यात. हे स्वतःच्या मनानं कधीच करायचं नाही. हा प्रयोग मोठ्या केंद्रांमध्ये देखरेखीखाली झालाय आणि निकाल एकसारखे आलेले नाहीत. अँटिबॉडी येईल न येईल, किडनी गेली तर परत डायलिसिस.

प्रश्न : मी दीड वर्षापासून डायलिसिसवर आहे, बहीण किडनी देणार आहे. सेंटरमध्ये कावीळ बी ची लस दिली होती, आता टायटर ८ आलं म्हणून परत इंजेक्शनं घ्या म्हणतात. मालक म्हणतात, एवढी टोचली ती कुठं गेली? ऑपरेशन झाल्यावर निवांत घेऊ. – शिरपूर

उत्तर : ताई, मालकांना सांगा, ऑपरेशननंतर निवांतपणा नसतो आणि लसही नीट लागत नाही. घ्यायची ती आत्ताच.

हिपॅटायटिस बी ची अँटिबॉडी ही अशी मोजकी अँटिबॉडी आहे जिचा आकडा, म्हणजे तुमचं टायटर, खरोखर कामाचा असतो. १० च्या वर म्हणजे संरक्षण आहे, खाली म्हणजे धरता येत नाही. डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त मुळातच लशीला कमी दाद देतं, म्हणून तुम्हाला नेहमीच्या दुप्पट, ४० मायक्रोग्रॅमचा डोस देतात आणि तोही चार वेळा : सुरुवातीला, एक महिन्यानं, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. नंतर दरवर्षी टायटर बघायचं आणि १० च्या खाली गेलं की बूस्टर. तुमचं ८ आहे, म्हणजे शरीरानं लस ओळखली होती, धार उतरली. सेंटरवाले बरोबर सांगताहेत.

प्रत्यारोपणाच्या आधीच का, ते सांगते. एकदा तयार झालेली अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजात वर्षानुवर्षं राहतात. त्या आता विभाजन करत नाहीत, म्हणून मायकोफेनोलेटचा त्यांच्यावर फारसा जोर चालत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हे औषध नवी पेरणी अडवतं, कणगीतली दादर ज्वारी नेत नाही. ऑपरेशनच्या आधी कणगी जेवढी भराल तेवढी पुढं पुरते.

आणि काही लशी अशा आहेत ज्या ऑपरेशननंतर घेताच येत नाहीत. कांजिण्यांची लस आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर या जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूंच्या लशी आहेत. प्रत्यारोपणानंतर त्या दिल्या तर तोच विषाणू उठू शकतो. तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आईला विचारा. नक्की कळत नसेल तर रक्ताची आयजीजी (जुनी अँटिबॉडी शोधणारी) तपासणी करता येते. कमी निघाली तर लस घ्यायची आणि त्यानंतर किमान चार आठवडे ऑपरेशन करायचं नाही. फ्लूची (इंजेक्शनची, नाकात फवारायची नव्हे) आणि न्यूमोनियाची लस निष्क्रिय असते, ती आधीही चालते, नंतरही चालते.

मला राग येतो तो याचा की आपल्याकडं बहिणीचा रक्तगट, क्रॉसमॅच, समितीपुढची मुलाखत, पैशांची जुळवाजुळव या सगळ्याची चर्चा महिनोन्‌महिने होते. लशींचं कार्ड कुणी विचारत नाही. ते आठवतं ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात, तेव्हा चार आठवडे कुठून आणायचे?

प्रश्न : ट्रान्सप्लांट झालेल्यानं प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलाचा काढा घ्यावा का? – भुसावळ

उत्तर : नाही. जी शक्ती दाबायला महिन्याला हजारो रुपयांच्या गोळ्या खाता, तीच वाढवायला काढा कशाला? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याचं नोंदवलंय, ते वेगळंच. शेजारच्या काकू प्रेमानं देतात हे मला माहीत आहे. काकूंना नमस्कार करा आणि काढा तुळशीला घाला.

प्रश्न : डॉक्टरताई, तुम्ही मागं लिहिलं होतं की अँटिबॉडी म्हणजे शरीराचं संरक्षण. मला माझे पती किडनी देणार होते, रक्तगट जुळला, पण रिपोर्टात “पतीविरुद्ध अँटिबॉडी आहेत” म्हणून ऑपरेशन थांबवलं. सासरी यावरून नको ते बोलणं झालं. मला दोन मुलं आहेत, दुसऱ्याच्या वेळी रक्त चढवलं होतं. आणि कोविडची लस घेतल्यामुळं या अँटिबॉडी झाल्या का? – शहादा

उत्तर : ताई, सासरच्या मंडळींना हे उत्तर वाचायला द्या.

अँटिबॉडी म्हणजे जे परकं दिसलं त्याच्याविरुद्ध शरीरानं घडवलेलं प्रथिन. ते परकं कोण, यावर ती तुमच्या कामाची की नुकसानीची हे ठरतं. विषाणूविरुद्धची हवी असते. किडनी देणाऱ्याच्या पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणांविरुद्धची नको असते. तुमच्या रिपोर्टातली दुसऱ्या प्रकारची.

ती आली कुठून? गरोदरपणातून. बाळाच्या निम्म्या खुणा आईच्या आणि निम्म्या बापाच्या असतात. नऊ महिन्यांत आणि बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात मिसळतात, आईचं शरीर त्यातल्या बापाच्या खुणा ओळखतं आणि काही जणींमध्ये त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. म्हणजे तुम्ही त्यांच्या दोन मुलांना जन्म दिलात, म्हणूनच त्यांची किडनी तुम्हाला आज जड जातेय. पतीनं पत्नीला किडनी द्यायची म्हटलं की ही अडचण आम्हाला ठरलेली असते. पत्नी पतीला देते तेव्हा हे कारण नसतं. दुसरं कारण रक्त. चढवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरही परक्या खुणा असतात. यासाठीच डायलिसिसवरच्या, ट्रान्सप्लांटची वाट बघणाऱ्या रुग्णाला होता होईल तो रक्त चढवू नये. हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आणि लोह द्यावं, आणि रक्त द्यायचीच वेळ आली तर पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं द्यावं. तालुक्याच्या ठिकाणी अशक्तपणा दिसला की बाटली चढवायची घाई होते. तुम्ही “मी ट्रान्सप्लांटच्या यादीत आहे” हे आधी सांगा.

लशीचा दोष यात नाही. फ्लूच्या लशीवर वर्षानुवर्षं काम झालंय, तिच्यामुळं किडनी नाकारली जाण्याचं प्रमाण वाढत नाही. लस टाळून फ्लू किंवा कोविड अंगावर घेणं महागात पडतं, कारण खऱ्या संसर्गात शरीर जास्त चवताळतं.

पुढचा रस्ता आहे. एक म्हणजे अदलाबदल : तुमचे पती दुसऱ्या रुग्णाला, त्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक तुम्हाला. २०११ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात याला जागा आहे. दुसरं म्हणजे प्लाझ्मा बदलून, इम्युनोग्लोब्युलिन आणि रिटुक्सिमॅबसारखी औषधं देऊन या अँटिबॉडी कमी करणं. हे खर्चिक आहे आणि त्याची किंमत विषाणूंच्या बाजूनंही मोजावी लागते. रिटुक्सिमॅब बी पेशीच काढून टाकतं, त्यानंतर सहा महिने, कधी जास्त, नवी लस जवळजवळ वाया जाते. म्हणून हा मार्ग ठरला तर लशी त्याच्या आधी. आणि इम्युनोग्लोब्युलिन घेतल्यावर काही महिने कुठल्याही विषाणूची आयजीजी तपासणी करू नका. ते हजारो रक्तदात्यांच्या अँटिबॉडींचं मिश्रण असतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल आणि त्या अँटिबॉडी तुमच्या नसतीलच. पहिली पसंती अदलाबदलीला द्या, असंच मी तुम्हा दोघांना सांगेन.

प्रश्न : माझी किडनी बदललेली आहे. शेतात कुत्र्यानं पोटरीला नख मारलं, रक्त आलं नाही, नुसता ओरखडा. घरचे म्हणतात हळद लाव. इंजेक्शन घ्यायलाच लागतं का? – पारोळा तालुका, वय ५६

उत्तर : नाना, हे मासिक तुमच्या हातात पडायची वाट मी बघितली नाही, पत्रावर फोन नंबर होता म्हणून त्याच दिवशी कळवलं. इतरांसाठी इथं लिहिते.

धडधाकट माणसाला रक्त न आलेल्या ओरखड्यासाठी फक्त लस पुरते. प्रत्यारोपण झालेल्याला पुरत नाही. लशीचं सगळं काम अँटिबॉडीवर आहे, आणि ती वेळेवर होईल याची तुमच्या बाबतीत खात्री नाही. रेबीज झाला की वाचत नाही, तिथं अंदाजावर राहता येत नाही. म्हणून अशा रुग्णाला साध्या ओरखड्यालाही लशीबरोबर तयार अँटिबॉडी, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, जखमेच्या जागी द्यायचं असतं.

आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका. मग जिथं इम्युनोग्लोब्युलिन मिळतं अशा सरकारी रुग्णालयात जा, आणि केसपेपर काढतानाच सांगा की किडनी बदललेली आहे, या गोळ्या चालू आहेत. सरकारी केंद्रांत लस बहुतेक वेळा कातडीत देतात. माझ्या अशा रुग्णांसाठी मी स्नायूत पाच डोसांचा आग्रह धरते : ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस. शेवटच्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांनी रक्ताची अँटिबॉडी तपासायची. ०.५ च्या वर हवी. कमी आली तर पुन्हा डोस. बघा, वर रावेरच्या भाऊंना मी टेस्ट करू नका म्हणाले आणि इथं कराच म्हणतेय. कारण इथं आकड्यावर पुढचं इंजेक्शन ठरतं.

प्रश्न : वडिलांना नवी किडनी आहे. घरात माझ्या मुलीला कांजिण्या निघाल्यात. तिला मामाकडं पाठवू का? – चाळीसगाव

उत्तर : पाठवलंत तरी चालेल, पण पुरळ निघायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ती संसर्ग पसरवत होती, त्यामुळं मुख्य काम वडिलांचं आहे. त्यांना लहानपणी झाल्या असतील तर जुनी अँटिबॉडी बहुधा असेल. झाल्या नसतील किंवा आठवत नसेल तर आजच फोन करा. संपर्कापासून दहा दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं, तयार अँटिबॉडी किंवा अ‍ॅसायक्लोव्हिर देता येतं. लस त्यांना द्यायची नाही. “देवी आल्या” म्हणून औषध थांबवणारं कुणी घरात असेल तर त्यांची समजूत तुम्ही काढा.

प्रश्न : ट्रान्सप्लांटच्या पेशंटला डेंगी तपासताना कोणती टेस्ट? – जळगाव

उत्तर : पहिल्या पाच दिवसांत एनएस१, म्हणजे विषाणूचाच तुकडा शोधणारी, किंवा पीसीआर. आयजीएम ही अँटिबॉडी इतरांतही पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागते, तुमच्यात तिला आणखी उशीर होऊ शकतो. ती निगेटिव्ह आली म्हणून डेंगी नाही असं कुणी म्हणालं तर मानू नका. हिपॅटायटिस सी लाही हाच नियम, तिथं अँटिबॉडीऐवजी आरएनए तपासा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मेडिकलवाला न विचारता देतो, ती किडनीलाही वाईट आणि डेंगीतही वाईट. उलट्या होऊन टॅक्रोलिमस पोटात टिकत नसेल तर ते लगेच कळवा, आणि ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत रक्ताची तपासणी चुकवू नका. डेंगी बिघडतो तो बहुधा त्याच दोन दिवसांत.